पोटाचें स्तोम

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या रत्नागिरींत एक व्याख्यान झालें. विषय होता 'आंतड्यांचें आरोग्य आणि दीर्घायुष्य'. सभागृह भरलें होतें, आणि तें आमच्यासारख्याच मंडळींनीं भरलें होतें, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वकील, बँकांतले अधिकारी, प्राध्यापक आणि त्यांच्या सुविद्य पत्नी यांनीं. कीर्तनाला हल्लीं इतकी गर्दी होत नाहीं. व्याख्याते मुंबईहून आले होते. त्यांनीं दीड तास पडद्यावर चित्रें दाखवीत असें प्रतिपादन केलें कीं, मधुमेह, संधिवात, निद्रानाश, खिन्नता, त्वचेचे विकार, मुलांचें अभ्यासांतलें दुर्लक्ष, फार काय, नवराबायकोंतली कुरबुर, या सर्वांचा उगम एकाच ठिकाणीं आहे आणि तें ठिकाण म्हणजे आपलें मोठें आंतडें. व्याख्यान संपल्यावर दाराशीं एका मेजावर डबे मांडलेले दिसले. डब्यांत भुकटी होती, भुकटींत म्हणे अब्जावधि उपकारक जंतु होते, आणि एका डब्याची किंमत आमच्या घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईंच्या आठवड्याच्या मिळकतीहून अधिक होती. डबे हां हां म्हणतां संपले. आमच्या घरींहि एक आला.

तो डबा हें या लेखाचें निमित्त आहे. डबे येतात आणि जातात. माझें भांडण आहे तें त्यामागच्या समजुतीशीं. पोट बिघडलें कीं सर्व शरीर बिघडतें, हें एक विधान. आणि पोट सुधारलें कीं सर्व शरीर सुधारतें, हें दुसरें. पहिलें पुष्कळ अंशीं खरें आहे, दुसरें पुष्कळ अंशीं खोटें आहे, आणि आमच्या सुशिक्षित समाजानें पहिल्याच्या पुण्याईवर दुसरें बिनतक्रार पत्करलें आहे. त्यापासून दोन अनर्थ होतात. एक घरांत होतो, दुसरा गांवांत. दोन्ही मीं पाहिले आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे पोटाची महती नवी नाहीं. वाग्भटानें अग्निमांद्याला सर्व रोगांचें कारण ठरविलें त्याला हजाराहून अधिक वर्षें लोटलीं. भाषेंतसुद्धां पाहावें. आपण अपराध पोटांत घालतों, गुपित पोटांत ठेवतों, भीतीनें आपल्या पोटांत गोळा येतो, कळवळून बोलणारा पोटतिडिकीनें बोलतो, आणि कोणाची नोकरी घालविली तर त्याच्या पोटावर पाय येतो. माझ्या आजोळीं, राजापूर तालुक्यांत, मुलाला ताप येवो, खरूज होवो, कीं परीक्षेंत गुण कमी पडोत, आजीचा पहिला प्रश्न एकच असे : 'कोठा साफ आहे का?' उत्तर कांहींहि आलें तरी रविवारीं पहांटे एरंडेलाची वाटी ठरलेली. ती वाटी नाक दाबून घेतलेल्या पिढीचा मी प्रतिनिधि आहें. त्या आजीचा मला राग नाहीं. डॉक्टर चार कोसांवर, मध्यें खाडी, आणि पावसाळ्यांत तर तीहि वाट बंद. तिच्याजवळ एरंडेलावांचून दुसरें साधन नव्हतें. परंतु ज्यांच्या घरापासून इस्पितळ दहा मिनिटांवर आहे त्या माझ्या पिढीनें आजीचाच प्रश्न इंग्रजींत विचारावा आणि त्याला अद्ययावत् शास्त्र म्हणावें, याचें मात्र नवल वाटतें.

हा मोह केवळ आपल्याच लोकांना पडला असेंहि नाहीं. इल्या मेच्निकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करीत असे. शरीरांतल्या भक्षक पेशींसंबंधींच्या संशोधनाबद्दल त्याला १९०८ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. म्हणजे मनुष्य सामान्य नव्हता. त्यानें असा सिद्धान्त मांडला कीं, मोठ्या आंतड्यांत अन्न कुजतें, त्याचें विष रक्तांत भिनतें आणि त्यामुळें माणूस अकालीं म्हातारा होतो. बल्गेरियांतले शेतकरी आंबट दूध खातात व पुष्कळ जगतात अशी त्या वेळीं ख्याति होती. तेव्हां त्या दुधांतले जंतु कुजविणाऱ्या जंतूंना हटवीत असले पाहिजेत, असा त्याचा तर्क. तो स्वतः नेमानें आंबट दूध घेई. त्याच्या नांवावर युरोपभर दुधाचा आणि गोळ्यांचा व्यापार चालला. मेच्निकॉफ १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं वारला, आणि वारला तो हृदयविकारानें.

लंडनमध्यें सर विल्यम आर्बथनॉट लेन या शल्यवैद्यानें त्याच्या पुढची पायरी गांठली. हात अत्यंत कुशल; पण मोठें आंतडें जर विषाचें कोठार, तर तें काढूनच टाकावें, असा त्याचा खाक्या. निव्वळ मलावरोधासाठीं त्यानें कित्येकांचीं आंतडीं कापून काढलीं. अमेरिकेंत ट्रेन्टन येथील वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख हेन्री कॉटन यानें तर वेडाचें मूळ दांतांत आणि आंतड्यांत आहे असें ठरवून रोग्यांचे दांत उपटले व आंतडीं काढलीं. त्यांतले अनेक शस्त्रक्रियेनेंच दगावले. हे कांहीं भोंदू नव्हते. विश्वविद्यालयांत शिकलेले, समाजांत मान्यता पावलेले हे लोक होते; आणि त्यांच्या व्याख्यानांनाहि आमच्यासारखीच मंडळी गर्दी करीत असली पाहिजेत.

हा फुगा फोडला तो एका साध्या प्रश्नानें. वॉल्टर आल्व्हारेझ या अमेरिकन वैद्यानें १९१९ सालीं दाखवून दिलें कीं, मलावरोधानें डोकें जड होतें, तोंडाची चव जाते, मन मलूल होतें, हें खरें. पण शौचास होतांच हीं लक्षणें कांहीं मिनिटांत नाहींशीं होतात. रक्तांत विष भिनलें असतें तर तें असें चुटकीसरशीं निघून गेलें असतें काय? दारुड्याच्या हातांतली बाटली ओतून दिल्यानें त्याची चढलेली नशा उतरत नाहीं. ताणलेल्या गुदाशयाचे मज्जातंतु मेंदूकडे तक्रार नेत होते, एवढाच त्याचा अर्थ. शंभर वर्षांपूर्वीं निकालांत निघालेला हा दावा आतां नवा पोषाख करून आमच्या सभागृहांत आला होता, आणि आम्ही टाळ्या वाजविल्या.

यावर कोणी म्हणतील, जुन्या चुका उगाळून काय उपयोग? आजचें शास्त्र निराळें आहे. आहेच, आणि जेवढें मला समजलें तेवढें मीं आदरानें वाचलें आहे. व्याख्यात्यांनीं सांगितलें कीं, आपल्या अंगांत आपल्या पेशींच्या दसपट जंतु आहेत. हा आंकडा फार वर्षें पुस्तकापुस्तकांतून फिरत होता. २०१६ सालीं तीन शास्त्रज्ञांनीं तो नीट मोजून पाहिला, तेव्हां असें आढळलें कीं, सामान्य पुरुषाच्या शरीरांत पेशी सुमारें ३० लक्ष कोटि आणि जंतु सुमारें ३८ लक्ष कोटि. म्हणजे जवळजवळ बरोबरीचा संसार. त्या सर्व जंतूंचें वजन पावशेरभर! तरीहि संसार मोठाच आहे, आणि त्याचें काम खरोखर कौतुकास्पद आहे. नाचणीचा कोंडा, कुळथाचें साल, भाजीचे धागे, असें जें जें आपल्याला पचत नाहीं तें मोठ्या आंतड्यांतले जंतु आंबवितात. त्यांतून ब्यूटिरिक आम्लासारखीं लहान आम्लें निर्माण होतात, आणि मोठ्या आंतड्याच्या अस्तराच्या पेशींचें मुख्य इंधन तेंच. म्हणजे आपण जेवून उठल्यावर खालच्या मजल्यावर दुसरी पंगत बसते. त्या पंगतीला कांहीं उरलें नाहीं तर अस्तर दुबळें होतें.

२०१५ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विशेष आवडतो. अमेरिकेंतल्या पिट्सबर्ग येथील वीस आफ्रिकी-अमेरिकन लोकांना दक्षिण आफ्रिकेंतल्या खेडुतांचें कोंडायुक्त जेवण दिलें, आणि तिकडच्या वीस खेडुतांना अमेरिकन पद्धतीचें मांसाचें व चरबीचें. अवघ्या दोन आठवड्यांत दोन्ही गटांच्या आंतड्यांतली स्थिति उलटसुलट झाली. ब्यूटिरिक आम्ल इकडे वाढलें, तिकडे घटलें. डबा कोणीच विकत घेतला नव्हता.

याहूनहि मोठीं उदाहरणें आहेत. जठरव्रण हा चिंतेचा व तिखट खाण्याचा रोग मानला जाई. ऑस्ट्रेलियांतल्या पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं तो एका जंतूमुळें होतो असें दाखविलें. मार्शलनें तर १९८४ सालीं त्या जंतूंचा पेला स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ओरिसांतल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात अर्भकांना एका निवडक जंतूचा आणि त्या जंतूला लागणाऱ्या शर्करेचा डोस एक आठवडा दिला, तेव्हां रक्तदोष किंवा मृत्यु यांचें प्रमाण शेंकडा ९ वरून साडेपांचाच्या आंत आलें. हा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या पुण्यांतहि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत डॉ. योगेश शौचे यांच्यासारख्या संशोधकांनीं भारतीय लोकांच्या आंतड्यांतल्या जंतूंचा वर्षानुवर्षें अभ्यास केला आहे. तेव्हां माझा आक्षेप विद्येवर आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. जठरव्रण काय किंवा अर्भकांचा रक्तदोष काय, तेथें रोग एक होता, जंतु नांवानें ठाऊक होता, आणि रोगी मोजलेले होते. आमच्या सभागृहांत रोग पंचवीस, जंतु 'उपकारक', आणि मोजलेले फक्त पैसे.

व्याख्यात्यांचा सर्वांत टाळ्या घेणारा मुद्दा म्हणजे मनाचा. मन प्रसन्न ठेवणारें सेरोटोनिन नांवाचें द्रव्य शेंकडा ९० आंतड्यांत तयार होतें, तेव्हां आनंद पोटांतच आहे, असें ते म्हणाले. पहिलें वाक्य खरें आहे. परंतु आंतड्यांतलें सेरोटोनिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा बांध ओलांडून आंत जाऊं शकत नाहीं. मेंदू आपल्यापुरतें स्वतः तयार करतो. आंतड्यांतलें आंतड्यांच्याच हालचालीसाठीं खर्ची पडतें. हें कोणत्याहि वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत आहे, आणि व्याख्यात्यांस तें ठाऊक नव्हतें असें मानण्यापेक्षां तें सांगण्याची त्यांना गरज भासली नाहीं असें मानणें मला अधिक सभ्यपणाचें वाटतें. खिन्न माणसाच्या आंतड्यांतले जंतु निराळे आढळतात, हेंहि खरें असेल. पण खिन्न माणूस वेळेवर जेवत नाहीं, झोपत नाहीं, घराबाहेर पडत नाहीं, शिवाय औषधें घेतो. मग जंतूंमुळें खिन्नता आली कीं खिन्नतेमुळें जंतु पालटले? मेंदू आणि आंतडें यांच्यामध्यें मज्जातंतूंची वाट आहे, आणि ती दुहेरी आहे. पिंजऱ्यांतल्या उंदरावर जें दिसलें तें लांज्याच्या कारकुनावर दिसेलच असें नाहीं.

आणि त्या भुकटीचें काय? अमेरिकेंतल्या पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संघानें २०२० सालीं सर्व पुरावा तपासून असा अभिप्राय दिला कीं, आंतड्यांच्या बहुतेक विकारांत असल्या जंतूंची शिफारस करण्याइतका पुरावा नाहीं. अपुऱ्या दिवसांचीं अर्भकें व प्रतिजैविकें घेणारे कांहीं रोगी असे थोडे अपवाद त्यानें मान्य केले. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेंतल्या संशोधकांना २०१८ सालीं तर उलटाच अनुभव आला. प्रतिजैविकें घेतल्यावर ज्यांनीं हे विकतचे जंतु घेतले, त्यांच्या मूळच्या जंतूंना घरीं परतायला, कांहींच न घेणाऱ्यांपेक्षां, अधिक वेळ लागला. पाहुणे ठाण मांडून बसले तर घरच्यांनीं जावें कोठें? आमच्याकडे मात्र साध्या सर्दीसाठीं औषधाच्या दुकानांतून प्रतिजैविक घ्यावें आणि त्याच्या प्रायश्चित्तार्थ दुसऱ्या गल्ल्यावरून जंतूंची गोळी घ्यावी, असा शिष्टाचारच पडून गेला आहे.

येथवर झाला तो पैशाचा अपव्यय. तेवढाच असता तर मीं लेखणी उचलली नसती.

माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणत असूं, २०११ च्या जून महिन्यांत वारले. वय छप्पन. मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. रात्रीं दहाच्या सुमारास त्यांना छातीच्या खालीं, बेंबीच्या वर, आवळल्यासारखें होऊं लागलें. दादा म्हणाले, 'अरे, गॅस धरलाय. दुपारीं फणसाचे गरे अंमळ जास्त झाले.' वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'भाऊजी, डॉक्टरांना फोन करूं या का? ह्यांना घाम फार आलाय.' मी एम्. ए. झालेला, वर्तमानपत्रांतलीं आरोग्याचीं सदरें नेमानें वाचणारा. मीं वहिनींना धीर दिला. ओवा आणि सैंधव चावायला दिलें, सोडा घातलेलें लिंबाचें पाणी दिलें, हिंग कालवून पोटावर लावला. ढेंकर आली तेव्हां आम्हां दोघांनाहि बरें वाटलें. बाराच्या सुमारास दादा म्हणाले कीं, जबडा दुखतो आहे. मीं म्हटलें, आम्लपित्त वर चढलें असेल. पहांटे साडेचारला ते गेले. त्यांना मधुमेह होता. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला तर वेदना पोटाच्या वरच्या भागांत जाणवूं शकते, घाम येतो, ओकारी येते, आणि मधुमेही माणसाला छातींत दुखेलच असें नाहीं, हें मला नंतर कळलें. हृदयाचा आलेख काढायला पांच मिनिटें पुरतात, आणि तो काढण्याचें ठिकाण आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर होतें. येथें दोष ना कोणा डॉक्टरचा, ना इस्पितळाचा. ओवा देणारा मी होतों.

तेव्हांपासून 'गॅस' हा शब्द कोणी उच्चारला कीं मी कान टवकारतों. किती घरांत तो रोज उच्चारला जातो! छातींत दुखलें, गॅस. पाठ धरली, गॅस. चक्कर आली, पित्त. शौचावाटे रक्त गेलें, मूळव्याध, म्हणजे पुन्हां पोटच. मग वर्षभर चूर्ण घ्यायचें, आणि वर्षानें मोठ्या आंतड्याचा कर्करोग हाताला लागायचा. बाई पांढरीफटक पडली, जिना चढतांना तिला दम लागूं लागला, तर 'अन्न अंगीं लागत नाहीं' म्हणायचें आणि तिचें रक्त कधीं तपासायचें नाहीं. आम्लपित्ताच्या गोळ्या तर आमच्या वर्गांतले लोक बडीशेपेसारख्या घेतात. जठरांतलें आम्ल ही अन्नाबरोबर येणाऱ्या रोगजंतूंना अडविणारी पहिली चौकी आहे, आणि ती कायमची उठविली तर आंतड्यांचे संसर्ग वाढतात, ही गोष्ट 'आंतड्यांच्या आरोग्या'वर दीड तास बोलणाऱ्यानें एकदांहि काढली नाहीं. सर्व रोग पोटांतून येतात ही समजूत एकदां मनांत घट्ट बसली म्हणजे माणूस बाकीच्या शरीराकडे पाहीनासा होतो, आणि शेवटीं पोटाकडेसुद्धां नीट पाहत नाहीं.

डबा नको तर काय, असें विचारल्यावर आमच्यांतले कांहीं स्वाभिमानी गृहस्थ लगेच पूर्वजांकडे वळतात. नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, हातसडीचा भात, उकड्या तांदळाची पेज, आमसुलाचें सार, ताजें ताक. हें खाऊन आपले आजे-पणजे ठणठणीत होते, असें ते सांगतात. जेवण उत्तमच होतें. मॅकॅरिसन या ब्रिटिश वैद्यानें कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत १९२० नंतरच्या दशकांत उंदरांचे गट करून त्यांना शीख, पठाण, मराठे, गुरखे, कानडी, बंगाली, मद्रासी अशा लोकांचे आहार दिले. गव्हाच्या पोळीचा, दूधडाळीचा व भाजीचा शिखांचा आहार पहिला आला; सड्या तांदळावरचा मद्रासी आहार शेवटचा; मराठ्यांचा वरच्या अंगाला लागला. त्यापूर्वींच त्यानें माकडांना निःसत्त्व आहार देऊन त्यांचीं आंतडीं सुजतात, त्यांना हगवण लागते, हें दाखविलें होतें. म्हणजे अन्नावांचून आंतडें टिकत नाहीं, हें जंतूंची मोजदाद होण्याच्या पुष्कळ आधीं याच देशांत सिद्ध झालें होतें. गिरणीचा पांढरा तांदूळ, बेकरीचे टोस्ट आणि चहाबरोबरचीं बिस्किटें यांवर वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांनीं कुन्नूरचे उंदीर आठवावे.

पण ठणठणीत? माझ्या आजीला सात मुलें झालीं, त्यांतलीं चार जगलीं. गेलीं तीं तिन्ही हगवणीनें आणि विषमज्वरानें गेलीं, आणि त्यांच्या घरीं आंबील, पिठी, ताक सर्व कांहीं होतें. ज्या जिल्ह्याचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणींत आणि घर मनिऑर्डरीवर, त्या जिल्ह्यांत घरची बाई सर्वांच्या मागून जेवे. तिच्या वाट्याला पेजेचें पाणी किती आणि शितें किती येत, हें पूर्वजांच्या पोवाड्यांत कोणी सांगत नाहीं. ताकांतले जंतु उपकारक असतील. विहिरींतल्या जंतूंपुढें त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

मला जें म्हणावयाचें आहे तें या विहिरीपाशींच येतें. कोंकणांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. आमचा जांभा सच्छिद्र. पाणी त्यांतून भराभर खालीं उतरतें, आणि पाण्याबरोबर वरची घाणहि उतरते. विहीर आणि शौचकूप यांच्यांत पुरेसें अंतर नसेल तर एकांतलें दुसऱ्यांत जायला त्याला अडवणार कोण? असें पाणी रोज पिणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळीं जुलाब होतातच असें नाहीं. त्याच्या लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूला, मखमलीच्या धाग्यांसारखे, अन्न शोषून घेणारे जे अंकुर असतात ते हळूहळू खुरटतात. अस्तर गळकें होतें. मूल जेवतें, पण वाढत नाहीं. आंतड्याचा सर्व शरीरावर परिणाम होतो, या विधानाचा याहून ढळढळीत पुरावा मला ठाऊक नाहीं. त्या मुलाचा व्याख्यानांत उल्लेख नव्हता, कारण तो डबा घेणार नव्हता.

येथेंहि सोपी तोड नाहीं, हें मला कबूल केलें पाहिजे. बांगला देश, केनिया आणि झिंबाब्वे या देशांत हजारों कुटुंबांना साधीं शौचकुपें, हात धुण्याचीं साधनें आणि पाणी शुद्ध करण्याचें औषध देऊन पाहिलें. २०१८-१९ मध्यें निकाल आले, आणि मुलांची उंची त्यामुळें वाढली नाहीं. आमचे मित्र हा पुरावा माझ्याविरुद्ध पुढें करतात. परंतु संशोधकांनीं त्यांतून काढलेला बोध वेगळा आहे. खड्डा, साबण आणि थेंबभर औषध एवढ्यानें घाण पुरेशी हटत नाहीं; नळानें घरांत येणारें निर्मळ पाणी आणि वाहून नेणारीं गटारें, जीं आपल्याला स्वतःसाठीं हवींशीं वाटतात, तींच त्या मुलालाहि हवींत. ती गोष्ट खर्चाची आहे, आणि घरोघर डबे वांटून ती होत नाहीं.

आंतड्याबद्दलचें ज्ञान लोकांच्या कामीं कसें यावें याचा दाखला बंगालमध्यें घडला. आंतडें ग्लुकोजच्या जोडीनें मीठ आंत ओढून घेतें, हें रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें १९६० सालीं मांडलें. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकी पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यांत कालवून पिंपें भरलीं आणि तें पाणी नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजलें. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण चाराच्या आंत आलें. या गृहस्थांना पद्मविभूषण मिळालें तें २०२३ सालीं, ते वारल्यानंतर. आमच्या व्याख्यात्यांचें नांव गांवांत सर्वांना पाठ आहे. महालनबीसांचें नांव मीं वर्गांत विचारलें तेव्हां एकहि हात वर झाला नाहीं.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतों, जरी ती सांगतांना मला संकोच वाटतो. माझ्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक मुली सकाळीं साडेसहाची एस्. टी. धरून येतात आणि दिवेलागणीला घरीं पोहोंचतात. तीन वर्षांपूर्वीं वैशाखाच्या तोंडावर त्यांतली एक तासाला भोंवळ येऊन पडली. माझ्या एका सहकारी बाईंनीं तिला सांवरलें आणि मागाहून मला सांगितलें कीं, ती दिवसभर पाणी पीत नाहीं. कां? तर मधल्या स्थानकावरचें बायकांचें स्वच्छतागृह पाय ठेवण्याजोगें नसतें, म्हणून. अशा कितीतरी मुली आहेत. त्यांना मलावरोध असतो, मूत्रमार्गाचा दाह होतो, डोकें दुखतें, आणि घरीं गेल्यावर त्यांना त्रिफळा चूर्ण मिळतें. पंचवीस वर्षें मी त्यांना कविता शिकवीत होतों आणि हें मला ठाऊक नव्हतें. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या मासिकानें स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठीं उच्च न्यायालयाचें दार ठोठावलें, आणि २०१५ सालीं न्यायालयानें महापालिकांना त्यासंबंधीं आदेश दिले. एखादें मासिक असें कांहीं करूं शकतें, ही गोष्ट आमच्या वाङ्मयसेवकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे.

ज्या मंडळानें तें व्याख्यान भरविलें होतें, त्याच्या चिटणिसांनीं परवां मला पुढच्या मालेंत एक पुष्प गुंफण्याची विनंति केली. मीं विषय कळविला : 'एस्. टी. स्थानकांवरील स्त्रियांचीं स्वच्छतागृहें आणि आंतड्यांचें आरोग्य'. दोन दिवसांनीं त्यांचा फोन आला. विषय महत्त्वाचा आहे, परंतु श्रोतृवर्ग कुटुंबवत्सल असल्यामुळें शीर्षकांत थोडा फेरफार करतां येईल का, असें त्यांनीं विचारलें. मीं नाहीं म्हटलें आहे. त्यांचें उत्तर अद्याप यावयाचें आहे.